वाळू संपण्याआधी लाल मणी

प्रश्न : माझी मुलगी एमबीबीएसनंतर पीएसएममध्ये, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्याच्या शाखेत, एमडी करते आहे. नातेवाईक विचारतात, ‘पेशंट बघायचे नाहीत, मग ही कसली डॉक्टर?’ तिला डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्यासारखं संशोधन करायचं आहे. बंग दांपत्याचं नाव आम्ही पुरस्कारांमुळे ऐकून आहोत. पण त्यांनी नेमकं काय शोधलं, काय लिहिलं आणि त्यानं काय बदललं, हे कुणी नीट सांगत नाही. कॉलेजात तर कुणाचा निबंध किती जणांनी उद्धृत केला, याचीच मोजदाद चालते. — एक वडील, अमरावती

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि १९८९चा पावसाळा डोळ्यांपुढे आला. माझी इंटर्नशिप विदर्भातल्याच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होती. दिवेलागणीला एक बाई सात-आठ महिन्यांचं मूल पदराखाली घेऊन आली. मुलाच्या पोटावर बिब्ब्याचे चार ताजे डाग होते. ‘डबा झालाय त्याला,’ ती म्हणाली. डबा म्हणजे न्यूमोनिया. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या. मोठे डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेलेले, जीप बंद, आणि औषधाच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो माणूस रजेवर. मूल पहाटे गेलं. महिनाअखेरीस मी मुद्दाम मृत्यूची नोंदवही उघडून पाहिली. त्या मुलाची ओळच नव्हती. माझ्या मांडीवर गेलेलं मूल सरकारच्या कागदावर मेलेलंच नव्हतं.

मी पीएसएम घेतलं ते त्या कोऱ्या पानामुळे. म्हणून तुमच्या मुलीच्या वतीनं मला पोटतिडकीनं लिहावंसं वाटतं.

पुढच्या वर्षी कॉलेजच्या लायब्ररीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचा जुलै १९९०चा शेवटचा अंक हाती आला. इंग्लंडहून अंक यायला तेव्हा बरेच आठवडे लागायचे. त्यात गडचिरोलीचं नाव! बंग दांपत्य अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्य शिकून परतलं आणि १९८६मध्ये गडचिरोलीत जाऊन राहिलं. जिल्हा होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. त्यांनी ५८ गावांत न्यूमोनियाचे उपचार गावातच सुरू केले. शेजारच्या ४४ गावांत नेहमीच्या सेवा चालू होत्या, त्यांच्याशी तुलना केली. उपचार कुणी केले? निमवैद्यकीय कार्यकर्त्यांनी, गावच्या आरोग्यसेवकांनी आणि दायांनी. औषध होतं साधं को-ट्रायमोक्साझोल. उपचार मिळालेल्या मुलांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के राहिलं. तुलनेच्या गावांत न्यूमोनिया झालेल्या शंभरातली साडेतेरा मुलं जात होती. मी ती पानं झेरॉक्स केली. ती अजून माझ्याकडे आहेत, शाई पार पुसट झाली आहे.

पण लिहिता-वाचता न येणारी दाई श्वास मोजणार कशी? यासाठी त्यांनी जे साधन केलं, ते मी पुढे एकदा हातात घेतलं होतं. छोटी लाकडी चौकट, तिच्यात मण्यांच्या दोन ओळी आणि बाजूला एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. अगदी तान्ह्या बाळासाठी एक ओळ, त्याहून मोठ्या मुलासाठी दुसरी. घड्याळ उलटं करायचं आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दहापर्यंत मोजता आलं की झालं. ओळीतला शेवटचा मणी लाल. वाळू संपण्याआधी लाल मण्यावर बोट आलं, तर न्यूमोनिया, औषध सुरू. मण्याचा टक् आवाज, वाळूची बारीक धार आणि बाळाच्या पोटावर खिळलेली नजर. माझ्याकडे स्टेथोस्कोप होता, पदवी होती, आणि त्या पावसाळी रात्री मला एवढंसुद्धा सुचलं नव्हतं की आधी श्वास मोजावेत.

त्याआधीचा, जानेवारी १९८९चा निबंध मला त्याहून मोठा वाटतो. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी. पहिलं नाव डॉ. राणी बंग यांचं. त्या स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. तोवर स्त्रीरोगांविषयी जे लिहिलं जायचं, ते दवाखान्यात आलेल्या बायकांवरून. ज्या आल्याच नाहीत, त्यांचं काय? इथे ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला आणि याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळीचा त्रास हे बाईच्या जातीला असायचंच, असं म्हणून ज्यावर पांघरूण घातलं जात होतं, ते पहिल्यांदा आकड्यांत आलं. आपल्या आरोग्य खात्याला तोवर ग्रामीण बाई दिसायची ती गरोदर असताना किंवा नसबंदीच्या टेबलावर. १९९४च्या कैरोतल्या जागतिक लोकसंख्या परिषदेत कुटुंबनियोजनाच्या आकड्यांऐवजी स्त्रीच्या प्रजनन आरोग्याची भाषा आली, १९९६मध्ये आपल्या सरकारनं नसबंदीची उद्दिष्टं मागे घेतली. एका निबंधानं हे सगळं घडवलं असं मी म्हणणार नाही. स्त्री-चळवळीनं त्यासाठी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला होता. पण ‘पुरावा दाखवा’ म्हणणाऱ्यांसमोर ठेवायला तो एक निबंध होता.

तिसरा, डिसेंबर १९९९चा, नवजात बाळांचा. त्याबद्दल पुढच्या उत्तरात लिहिते.

मुलीला एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा. गडचिरोलीत गेल्यावर बंगांनी सुरुवातीला सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा अभ्यास केला. आजार तिथे आहे, हे सिद्ध झालं, निष्कर्ष छापूनही आले. तरी गावातली माणसं थंडच. कारण विचारलं तर कळलं की हा प्रश्न डॉक्टरांचा होता. लोकांच्या काळजीचे विषय वेगळे होते. डॉ. अभय बंग स्वतः ही हकिकत जाहीरपणे सांगत आले आहेत. त्यानंतर त्यांनी लोकांना विचारून विषय घ्यायला सुरुवात केली. दारूचा प्रश्न तसाच बायकांकडून आला आणि १९९३मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली. प्रबंधाचा विषय मार्गदर्शकाच्या कपाटातून काढण्याआधी तुमच्या मुलीनं चार गावांत जाऊन बसावं. नातेवाइकांना सांगा, तिचा पेशंट म्हणजे अख्खं गाव आहे.

प्रश्न : मी गावची आशा कार्यकर्ती आहे. बाळंतपण दवाखान्यात झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी मी घरी जाते. वजन, ताप, श्वास बघते, फॉर्म भरते. परवा एका आजीनं विचारलं, ‘दवाखान्यातून सुखरूप आणलंय, आता तू सारखी सारखी कशाला येतेस?’ मला नीट उत्तर देता आलं नाही. — एक आशाताई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या पिशवीतला वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ यांचं माहेर गडचिरोली आहे.

१९९३ ते ९५ या काळात बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कार्यकर्त्यांनी आधी फक्त मोजलं. प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू. हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं महिन्याच्या आत जात होती. बाळंतपणं घरीच. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत बाळ गार पडायचं, दूध ओढणं सोडायचं, आणि घरचे म्हणायचे, बाहेरचं झालं. मग ३९ गावांत गावातलीच एकेक बाई निवडून तिला शिकवलं. बाळ जन्मताना हजर राहायचं, श्वास घेत नसेल तर द्यायचा, ऊब द्यायची, वजन करायचं आणि पुन्हा पुन्हा घरी जायचं. जंतुसंसर्गाची सात लक्षणं तिला पाठ होती : रडणं क्षीण होणं, दूध ओढणं कमी होणं, बाळ मलूल पडणं, अंग गार किंवा गरम लागणं अशी. कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की ती घरच्यांना दवाखान्यात न्यायला सांगायची. नेणं जमलं नाही तर त्यांच्या संमतीनं स्वतः जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायची आणि पोटातून औषध पाजायची. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. तिसऱ्या वर्षी या गावांत नवजात मृत्युदर हजारी २५.५ होता. तुलनेच्या ४७ गावांत ५९.६.

२००९मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाला घरी जाऊन भेटण्याची शिफारस केली, २०११मध्ये आपल्या सरकारनं ते काम आशांकडे दिलं. तुमचा फॉर्म ही गडचिरोलीच्या त्या प्रयोगाची नात समजा.

आजींना एवढं सांगा : नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात आणि दवाखान्यातून तर दोन-तीन दिवसांत घरी पाठवतात. तिसरा आणि सातवा दिवस म्हणूनच चुकवायचा नाही. ‘आजी, तुम्ही बाळाला आंघोळ घालता, तुम्हालाच आधी कळेल ते गार लागतंय की नाही. कळलं की मला हाक मारा.’ असं म्हणालात तर पुढच्या वेळी आजीच दारात वाट बघत असतील. मी हे करून पाहिलेलं आहे.

प्रश्न : मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. गडचिरोलीइतका परिणाम इतर ठिकाणी दिसला नाही असं वाचलं. मग त्या आकड्यांवर विसंबावं का? — एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर : प्रश्न रास्त आहे. माझे विद्यार्थीही तो विचारत आणि मी त्यांना कधी गप्प केलं नाही. गडचिरोलीतली गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, ही त्या अभ्यासाची मर्यादा. पुढे चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाले. बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये घरभेटींच्या गावांत नवजात मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले, हे २००८मध्ये छापून आलं. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या शिवगढचा निबंध आला, तिथे घट ५४ टक्के. घानामध्ये मात्र घरभेटींचा परिणाम इतका लहान निघाला की तो खराच आहे असं ठामपणे म्हणता आलं नाही.

मला यात गोंधळ दिसत नाही. घानात भेट देणारी व्यक्ती आजारी बाळ ओळखून पुढे पाठवायची, तिच्या हाती इंजेक्शन नव्हतं. शिवगढमध्येही इंजेक्शन नव्हतं, पण तिथे सुरुवातीचे मृत्यूच खूप होते आणि बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्यासारख्या सवयी घराघरांत बदलल्या. गडचिरोलीत कार्यकर्ती पारखून निवडलेली, तिच्यावर नियमित देखरेख, औषध हातात. आपल्या सरकारी कार्यक्रमात भेटी आल्या, फॉर्म आले, इंजेक्शन मात्र आशाकडे आलं नाही. निम्मं औषध देऊन रोग पूर्ण बरा का होत नाही असं विचारावं, तसं हे आहे. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण मधल्या काळात गेलेली बाळं परत येत नाहीत.

विद्यार्थिनींना नुसता १९९९चा निबंध देऊन थांबू नका. ‘जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजी’नं मार्च २००५मध्ये गडचिरोलीच्या प्रयोगावर अख्खी पुरवणी काढली आहे, ती द्या. बाळ मेलं तर ते कळलं कसं आणि कारण ठरवलं कसं, हा भाग त्यांना दोनदा वाचायला लावा. मग एखाद्या आशाताईंबरोबर तिसऱ्या दिवसाच्या भेटीला पाठवा आणि श्वास त्यांनाच मोजू द्या. पूर्ण एक मिनिट, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. तान्हं बाळ श्वास मध्येच थांबवतं, मग भराभर घेतं, अर्ध्या मिनिटात फसायला होतं. साठ किंवा त्याच्या वर भरले, तर बाळ शांत असताना पुन्हा एकदा पूर्ण मिनिट मोजायचं.