सही करण्याआधी मुलीला आकडा सांगा

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. बारावीतल्या मुलीला बॉस्टनच्या एका खासगी विद्यापीठात ‘अर्ली डिसिजन’ने, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जाण्याचे बंधन घालणाऱ्या पद्धतीने, अर्ज करायचा आहे; मुदत १ नोव्हेंबरची आहे. मार्चमध्ये यजमानांची नोकरी गेली, आताच्या नोकरीत पगार बराच कमी आहे. हे मुलीला सांगितलेले नाही. यजमान म्हणतात, ‘आधी प्रवेश मिळू दे, पैशांचे नंतर बघू.’ त्याच्या करारावर मी सही करू का?

उत्तर : ताई, मुलीशी बोलणे होईपर्यंत सही करू नका. त्या करारावर तिच्यासोबत तुमची आणि शाळेच्या समुपदेशकांचीही सही असते, आणि प्रवेश मिळाल्यास बाकी सगळे अर्ज मागे घेण्याचे वचन तुम्ही तिघेही देता. पुरेशी आर्थिक मदत मिळाली नाही तर त्यातून मोकळे होता येते, हे खरे; पण निकाल डिसेंबरच्या मध्याला लागतो, बहुतेक ठिकाणची नेहमीची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते, आणि हातातोंडाशी आलेला घास सोडून त्या पंधरवड्यात नवे निबंध लिहायला बसणे सतरा वर्षांच्या मुलीला किती जड जाईल, याचा विचार करा. शिवाय चार विद्यापीठांचे मदतीचे देकार समोर ठेवून तुलना करण्याची संधी यात राहत नाही. तुमच्यासारख्या घराला तीच संधी सर्वांत मोलाची आहे.

आता आकड्याकडे वळू. त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’, म्हणजे मदत वजा जाता घराला किती खर्च पडेल याचा अंदाज देणारा तक्ता, असेल. येत्या रविवारी तिघांनी मिळून तो भरा. मात्र मदतीचा हिशेब प्रवेशाच्या वर्षाच्या दोन वर्षे आधीच्या उत्पन्नावर होतो, म्हणजे तिथे यजमानांचा जुना पगारच दिसणार. म्हणून नोकरी गेल्याची कागदपत्रे जोडून आर्थिक मदत कार्यालयाला फेरविचाराची विनंती करा. असा विचार ते प्रत्येक घरासाठी वेगळा करू शकतात, पण तो तुमच्या बाजूने होईलच असे धरून चालू नका. पुण्यात तुमच्या नावावर फ्लॅट असेल तर तोही मालमत्तेत दाखवावा लागतो. सासूसासऱ्यांना दरमहा पाठवलेले पैसे त्या कोष्टकात आपोआप वजा होत नाहीत. आपल्याकडच्या किती घरांचा अंदाज नेमका इथेच चुकतो!

आकडा झेपणारा निघाला तर निर्धास्तपणे सही करा. नाही निघाला तर ‘अर्ली ॲक्शन’चा मार्ग आहे : त्यात निकाल लवकर लागतो, बंधन नसते आणि उत्तर द्यायला साधारण १ मेपर्यंत वेळ मिळतो. न्यू जर्सीच्या रटगर्स या राज्य विद्यापीठात ती सोय आहे, आणि राज्यातल्या मुलांना तिथे शुल्कही कमी पडते.

मुलीला सांगायचे कसे, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहिते. मार्चमध्ये नोकरी गेल्यावर बाबा सकाळी घरीच असायचे हे तिने पाहिले आहे. तिला फक्त आकडा ठाऊक नाही. तो यजमानांनी स्वतःच्या तोंडून सांगावा, तुम्ही शेजारी बसा. तिला रडू आले तर येऊ द्या, आणि त्या रात्री दुसऱ्या विद्यापीठांची यादी तिच्यापुढे ठेवू नका.