लहान हातांना सोसेल असं ऑक्टेव्ह मँडोलिन आयरिश संगीतासाठी कसं निवडावं?

तुम्ही विचारलंय की मँडोलिन येतं, हात लहान आहेत, आता आयरिश ट्यून्ससाठी ऑक्टेव्ह मँडोलिन (मँडोलिनपेक्षा एक सप्तक खाली लागणारं मोठं वाद्य) घ्यायचंय, तर तारेच्या लांबीनं २० इंची घ्यावं की २३ इंची? माझेही हात लहान आहेत आणि या खरेदीत मी एकदा चांगलीच फसले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एवढं ठरवा: ट्यून वाजवायची आहे की साथ करायची आहे? साथीला लांब दांडी अडत नाही. १९६० च्या दशकात जॉनी मॉयनिहन यांनी ग्रीक बुझुकी (लांब दांडीचं तंतुवाद्य) आयरिश संगीतात आणली, पुढे डोनल लनी आणि अँडी अर्व्हाइन यांनी ती रुजवली. गाण्याच्या पाठीशी सुरावट विणायची, खालच्या तारांचा घुमारा राखायचा, या कामाला २५-२६ इंचांची तार शोभते. पण फिडलच्या (व्हायोलिनच्या) बरोबरीनं रील आणि जिग या जलद नाचाच्या ट्यून्स पळवायच्या असतील तर गोष्ट वेगळी.

तुमच्या मँडोलिनची तार घोडीपासून नटपर्यंत (दांडीच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपर्यंत) साधारण १४ इंच आहे. आयरिश ट्यून्स बहुतेक डी किंवा जी मध्ये असतात आणि दुसऱ्या भागात हमखास ई तारेवर चढतात. तर्जनी दुसऱ्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या पट्टीवर), करंगळी सातव्यावर, वरच्या बी ला. हे अंतर मँडोलिनवर जेमतेम ८ सेंटिमीटर आहे. २० इंची वाद्यावर तेच ११ च्या थोडं पुढे जातं, २३ इंचीवर १३. दोन सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, करंगळीला ते किरकोळ नसतात.

मी पहिलं वाद्य आवाजावर भाळून घेतलं, २६ इंची. घरी सावकाश वाजवताना सगळं छान. सेशनमध्ये (सगळ्यांनी मिळून वाजवायच्या बैठकीत) मात्र एक ट्यून तीनदा, तिला लागून दुसरी, मग तिसरी, मध्ये उसंतच नाही. दुसऱ्या फेरीपासून माझी करंगळी फ्रेटच्या बरीच अलीकडे पडायची आणि बी च्या जागी नुसती खरखर. मग मी मनगट वाकवून पोचू लागले. पंधरा दिवसांत चहाचा कप उचलताना अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. ते वाद्य विकलं.

खरेदीआधी घरच्या घरी एक चाचणी करता येते. कोणाची तरी गिटार मागून आणा. साध्या गिटारची तार सुमारे साडेपंचवीस इंच असते. चौथ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावलात की जवळपास २० इंच उरतात, दुसऱ्यावर लावलात तर पावणेतेवीसच्या आसपास. कॅपोपासून पुढे दोन फ्रेट मोजून तर्जनी ठेवा, सात मोजून करंगळी. मनगट सरळ ठेवून करंगळी फ्रेटला लागून पडते का ते बघा. गिटारची दांडी रुंद असते, त्यामुळे पकडीचा अंदाज यातून येणार नाही. अंतराचा मात्र अगदी नेमका येतो.

माझं सरळ मत: ट्यूनसाठी २० ते २१ इंच. यात एक गोष्ट सोडावी लागते. खालचा जी (९८ हर्ट्झ) लहान लांबीवर सैल पडतो, फटफटतो. त्यावर उपाय जाड तारेचा, मी ०.०४८ इंची वापरते आणि आवाजाबद्दल माझी तक्रार नाही.

तारा किती उंच आहेत तेही बघाच. इथे प्रत्येक बोटाला दोन-दोन तारा दाबायच्या असतात, त्यामुळे बाराव्या फ्रेटवर दोन मिलिमीटरच्या वर उंची असेल तर अर्ध्या तासात बोटं थकतात. घोडी आणि नट कारागिराकडून उतरवून घेता येतात, म्हणून एवढ्यासाठी चांगलं वाद्य नाकारू नका. दांडीची लांबी मात्र कोणी कमी करून देत नाही.

आणि पट्टा लावाच. आठ खुंट्यांमुळे डोकं जड असतं, पट्टा नसेल तर डावा हात दांडी सावरण्यातच गुंततो. दुकानात पट्टा लावून बसा आणि एकच रील सलग दहा मिनिटं वाजवा. माझी कळ सातव्या-आठव्या मिनिटाला सुरू व्हायची; दुकानात मी दोनच मिनिटं वाजवलं होतं.