घाणेरी काढायला अनुदान मिळतं का?

प्रश्न : भाऊ, आमचं गाव यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. सामूहिक वनहक्क मिळाला पण जंगलात पाय टाकायला जागा नाही, जिकडं तिकडं घाणेरी (टणटणी, लँटाना). पूर्वी गुरं चरायची तिथं आता शेळीपण घुसत नाही. पंचायत समितीत विचारलं तर म्हणे अशी योजनाच नाही. एक जण म्हणतो प्रस्ताव पास करून देतो, दहा टक्के द्या. काय करावं?
– ग्रामसभेच्या समितीतला एक सदस्य

उत्तर : दहा टक्केवाल्याला आधी चहा पाजून वाटेला लावा.

पंचायत समितीतला माणूस खोटं नाही बोलला, अर्धंच बोलला. 'घाणेरी काढायची, पैसे द्या' म्हणून गेलात तर कुठल्याही टेबलावर हेच उत्तर मिळणार, कारण पैसा असतो तो कुरण विकास, चारा, मृद-जलसंधारण, वनसंवर्धन असल्या नावांखाली. म्हणून मागायचं गवत. गवत लावायचं तर घाणेरी काढावीच लागते, ती अंदाजपत्रकात आपोआप येते.

तुमचं गाव पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्यात, असेल (यावल, रावेर, चोपड्यातली बरीच गावं आहेत) तर पहिली चौकशी घरातच करा. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध (गावानं ठरवून खर्चायचा) निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना येतो, आणि तो ज्या कामांवर खर्चता येतो त्यात वनहक्क कायद्याची अंमलबजावणी आणि वनसंवर्धन दोन्ही आहेत. बऱ्याच ठिकाणी तो पेव्हर ब्लॉकमध्येच जिरतो ही गोष्ट वेगळी. खर्च ग्रामसभेनं ठरवायचा असतो, तेव्हा ठराव तिथंच मांडा. रोहयोत नुसती कापणी बसत नाही, टिकाऊ मत्ता दिसावी लागते, पण गवत लागवड, समतल चर (उताराला आडवे, पाणी अडवणारे खड्डे) असं धरलं तर बसू शकतं. वित्त आयोगाच्या बंधित पैशाच्या मागं लागू नका, तो पाणी-स्वच्छतेचा. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये (सामाजिक जबाबदारीच्या पैशात) पर्यावरणाचं काम चालतं, फक्त मध्ये संस्था घेतली तर तिची सीएसआर-१ (असा पैसा घेण्यासाठी लागणारी सरकारी) नोंदणी झालीय का ते कागदावर बघून घ्या, तोंडी नको.

आणि हे सगळं करण्याआधी तुमच्या वनहक्क व्यवस्थापन आराखड्यात घाणेरीचा उल्लेख आहे का बघा. नसेल तर आधी तो घाला, नाहीतर पहिलाच साहेब तिथं बोट ठेवतो.

आता खरा घोळ सांगतो. आमच्याकडं एका वर्षी मे महिन्यात जेसीबी लावून अख्खं गायरान साफ केलं, फोटो काढले, बिल निघालं. दोन पाऊस झाले आणि पोळ्यापर्यंत कमरेएवढी घाणेरी परत उभी, उलट जास्त दाट, कारण वरून तोडली की बुडाशी दहा फुटवे येतात आणि उकरलेल्या मातीत बी तर पडलेलंच असतं. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंनी यावर साधी रीत दिलीय. जमिनीखाली बोट-दोन बोट खोल, जिथून फुटवे निघतात त्याच्या खाली, मुख्य मूळ कुदळीनं तोडायचं आणि झुडूप उलटं करून मुळं वर ठेवायची, म्हणजे वाळतं. वळवाचा पाऊस झाला की माती सैल असते तेव्हा करा, हातमोजे घ्या, त्या काट्यांनी हात सोलून निघतात. लगेच मारवेल, पवन्या, शेडा या गवतांचं बी टाका. पुढची दोन-तीन वर्षं मोठ्या झाडांखाली फिरून रोपं उपटत राहा, बुलबुल फळं खाऊन तिथंच बसतात ना!

म्हणून प्रस्ताव तीन वर्षांचा करा. पहिल्याच वर्षी सगळा पैसा संपवणारा प्रस्ताव मला विचाराल तर नामंजूर झालेला बरा. मजुरी अंदाजानं लिहू नका, १० बाय १० मीटरचा एक तुकडा स्वतः काढून बघा किती माणसं किती तास लागली, असे शंभर तुकडे म्हणजे एक हेक्टर. हा आकडा घेऊन गेलात की समोरचा हुज्जत घालत नाही.

जमलं तर साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला चार जण जाऊन या. चैत्राम पवारांना २०२५ ची पद्मश्री मिळाली ते गाव. तिथं आधी गावानं जंगलाचे नियम आणि दंड ठरवले. तुमच्यात गवत आल्यावर चराई कोण किती दिवस थांबवणार हे ठरलंय का?

प्रश्न : माझ्या कापसाच्या बांधावर गाजर गवत माजलंय. त्याला काही अनुदान?
– एक शेतकरी, अमळनेर

उत्तर : स्वतःच्या बांधासाठी कुणाच्या दारात जाऊ नका दादा, चपला झिजतील तेवढ्यात बांध साफ होईल. फुलावर यायच्या आत मुळासकट उपटा, एका झाडाला हजारोंनी बी धरतं. फूल नसेल तर कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायला हरकत नाही. अंगाला खाज येते म्हणून बाह्या पूर्ण घाला. आणि पानांवर पांढुरक्या अंगाचे, काळ्या रेघांचे बारके भुंगे दिसले तर औषध मारू नका, १९८४ मध्ये मेक्सिकोचे म्हणून बंगळुरूला सोडले होते तेच ते, पावसाळाभर गाजर गवतच खातात.