‘मॅडम, हिचं पुढे कसं व्हायचं?’

फाटलेला ओठ किंवा फाटलेली टाळू घेऊन जन्मलेल्या मुलांचे पालक समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा मूल तान्हे असो वा पंचविशीचे, बोलणे शेवटी याच एका प्रश्नावर येऊन थांबते. शस्त्रक्रियेची भीती शल्यचिकित्सक दूर करतात. परंतु टाके सुकून गेल्यानंतर शिक्षण, नोकरी, लग्न आणि पुढची पिढी यांविषयीची जी धास्ती घरात मुक्काम ठोकते, तिच्याविषयी बोलायला फारसे कोणी भेटत नाही. साधारणपणे दर सातशे ते हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो, त्यामुळे हा प्रश्न विचारणारी घरे थोडीथोडकी नाहीत. त्यांच्यासाठी एका मायलेकींची हकिगत, ओळख पटेल असे तपशील गाळून, येथे सांगते.

मुलगी पंचविशीची, वाणिज्य शाखेची पदवीधर आणि एका पतसंस्थेत नोकरीला होती. तिच्या ओठाची शस्त्रक्रिया मोफत शिबिरात वेळेवर झाली होती, टाळूची मात्र पाचव्या वर्षापर्यंत लांबली. टाळू शक्यतो नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे बोलणे पक्के होण्याआधी, शिवली जाते. कारण टाळूचा मागचा मऊ भाग नाकाकडे जाणारा मार्ग नीट बंद करू शकला नाही, तर ‘क’, ‘प’, ‘ट’, ‘स’ यांसारख्या अक्षरांना तोंडात हवेचा जो दाब लागतो, तो नाकावाटे निसटतो. हिचे बोलणे त्यामुळे थोडे नाकातून येत असे. तिच्या नावात ‘क’ आणि ‘स’ ही दोन्ही अक्षरे होती, आणि मुलगी पाहायला आलेली मंडळी पहिला प्रश्न नावाचाच विचारतात. काही स्थळे ‘कळवतो’ म्हणून गेली ती गेलीच. मग आईने बायोडेटासाठी नवा फोटो काढवून घेतला. तो मी पाहिला. स्टुडिओवाल्याने संगणकावर ओठावरचा व्रण पुसताना नाकाखालची नैसर्गिक पन्हळसुद्धा पुसून टाकली होती, त्यामुळे चेहरा गुळगुळीत आणि परका दिसत होता.

पहिल्या भेटीत मी मुलीला जे जे विचारले, त्याचे उत्तर आईने दिले. शिक्षण आईने सांगितले, पगार आईने सांगितला, झोप नीट लागते का हेही आईनेच सांगितले. पुढच्या एका भेटीत मुलगी एकटी आली, तेव्हा मी तिला कामाविषयी विचारले.

“मी वसुलीला आहे. हप्ते थकलेल्या कर्जदारांना फोन करते, दिवसभर.”

“समोरचे काय म्हणतात?”

“पैसे नाहीत म्हणतात.”

“तुमचं बोलणं कळत नाही, असं कोणी म्हणतं का?”

ती किंचित हसली. “ज्याला हप्ता बुडवायचा असतो, तो म्हणतो.”

जो आवाज दिवसभर अनोळखी माणसांकडून थकलेले हप्ते वसूल करतो, तोच आवाज कांदेपोह्यांच्या वेळी घशात का अडकतो, याचे उत्तर टाळूत शोधून सापडणारे नव्हते. फरक एवढाच होता, की पतसंस्थेत तिच्या शेजारी आई बसलेली नसे.

त्यानंतर मी दोघींना एकत्र बोलावले आणि आईला एकच विनंती केली: मी मुलीला काही विचारले, तर कितीही वेळ लागला तरी तुम्ही बोलायचे नाही. मी मुलीला विचारले, “तुम्हाला कसा नवरा हवा आहे?” खोलीत शांतता पसरली. मुलगी बोलू लागली, ‘क’पाशी अडखळली, आणि माझे लक्ष आईकडे गेले. आई शब्द पाळत होती, तोंडातून अवाक्षर काढत नव्हती. परंतु तिचे ओठ मुलीच्या शब्दांबरोबर हलत होते. मुलीनेही ते पाहिले. ती थांबली आणि अगदी सावकाश म्हणाली, “आई, तू माझ्या आधी बोलतेस ना, म्हणून लोकांना वाटतं की मला बोलताच येत नाही.”

आई दुखावेल असे मला वाटले होते. ती रडली खरी, परंतु कारण निराळे होते. “शाळेत पोरं हिची नक्कल करायची. मग मीच बोलायला लागले. माझ्यामुळेच झालं ना हे तिला?” आणि मग तोवर न सांगितलेली गोष्ट बाहेर आली. मुलगी पोटात असताना ग्रहण लागले होते, या बाईंनी त्या वेळी भाजी चिरली होती, आणि त्यामुळेच ओठ चिरला, असे सासूबाईंनी बाळंतिणीच्या खाटेशी उभे राहून सुनावले होते.

ग्रहणाचा आणि ओठाचा काही संबंध नसतो, हे सांगून मला थांबता आले असते. असे सांगणारे तिला पूर्वीही भेटले होते, आणि तिने मान डोलावून ऐकलेही होते. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीच्या मुशीत घडलेली आहे, आणि माणसाला त्याची समजूत चुकीची आहे असे सांगण्यापेक्षा ती त्याच्याच हातून तपासून घ्यावी, हे मला त्या परंपरेने शिकवले. मी कागद आणि पेन तिच्यापुढे ठेवले. मुलगी जानेवारी 2000 ची, पूर्ण दिवसांची. ग्रहण 11 ऑगस्ट 1999 चे, संध्याकाळचे. तिने बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, “तेव्हा मला पाचवा लागला होता.” मग मी सांगितले की गर्भाचा वरचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो आणि टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. तिने पुन्हा मोजले. “म्हणजे जूनमध्येच जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.” ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. मुलगी हलकेच म्हणाली, “भाजी तरी कसली होती गं?” आणि दोघी हसू लागल्या. इतक्या वर्षांच्या कामात जे थोडे क्षण मला आपले काम सार्थ वाटायला लावतात, त्यांपैकी हा एक आहे.

मला जे दिसले ते असे: प्रौढपणी अशा व्यक्तीच्या वाट्याला येणारी अडचण पुष्कळदा व्रणाची नसते, व्रण झाकण्यासाठी घराने लावून घेतलेल्या सवयीची असते. ‘लोकांनी माझ्या मुलीकडे कधीच निरखून पाहता कामा नये’ ही मागणी जग पुरी करू शकत नाही, आणि ती पुरी होत नाही म्हणून आई मुलीची वाचा होऊन बसते. ‘पाहिले नाही तर बरे, पाहिले तरी निभावेल’ इतकी ती मागणी सैल झाली, की मुलीला बोलायला जागा मिळते.

परंतु सर्व काही मनाचेच खेळ आहेत, असे मी म्हणत नाही. नॉर्वेमध्ये 1967 ते 1992 या काळात जन्मलेल्या व्यक्तींचा मोठा अभ्यास झाला आहे. ज्यांचा केवळ ओठ फाटलेला होता, त्यांचे मोठेपणीचे आरोग्य इतरांसारखेच असल्याचे त्यात दिसले. ज्यांची केवळ टाळू फाटलेली होती, त्यांच्यात मात्र चिंतेचे विकार, अपस्मार आणि शिकण्याच्या अडचणी अधिक आढळल्या. त्याच देशातील आणखी एका जुन्या पाहणीत शिक्षणात फारसा फरक नव्हता, लग्ने मात्र उशिरा होत होती. म्हणजे लग्नाविषयीची काळजी निराधार नाही. ‘लग्न होणारच नाही’ हा तिचा विस्तार निराधार आहे. शिवाय टाळू शिवलेल्या मुलांच्या कानात पाणी साचून ऐकू कमी येण्याचा संभव असतो, तेव्हा वर्गात लक्ष देत नाही म्हणून मुलाला रागावण्याआधी त्याचे कान तपासून घ्यावेत.

पुढच्या पिढीचा प्रश्न मुलीनेच विचारला, आणि तो विचारताना तिने आईकडे पाहिले नाही. दोघांपैकी एका पालकाला हा दोष असेल, घरात आणखी कोणाला नसेल आणि तो एखाद्या व्यापक आनुवंशिक विकाराचा भाग नसेल, तर बाळात तो येण्याची शक्यता साधारणपणे शंभरात तीन ते पाच असते. खालच्या ओठावर बारीक खळगे असतील, तर ही शक्यता पुष्कळ वाढू शकते, म्हणून लग्नाआधी किंवा निदान गर्भधारणेआधी आनुवंशिकतज्ज्ञांना भेटावे. फॉलिक ॲसिड दिवस राहण्यापूर्वीच सुरू करावे, तंबाखू आणि मिशरी पूर्ण सोडावी, आणि फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारून आधीच बदलून घ्याव्यात.

स्थळ पाहताना हा विषय कोणी आणि केव्हा काढावा, असेही मला नेहमी विचारले जाते. माझे मत स्पष्ट आहे: खरा फोटो द्यावा, आणि शस्त्रक्रियेची माहिती पहिल्या भेटीत मुलीने किंवा मुलानेच दोन वाक्यांत द्यावी. पालकांनी ती दबक्या आवाजात दिली, की ऐकणाऱ्याला ती कबुलीजबाबासारखी वाटते.

या मुलीने आता जुन्या फोटोऐवजी ओळखपत्रावरचा फोटो बायोडेटाला लावला आहे. त्यानंतर एका स्थळाने नकार दिला, आणि तो तिने मला स्वतः फोन करून सांगितला. लग्न अद्याप ठरलेले नाही. दरम्यान ती वाचाउपचारतज्ज्ञांकडे जाऊ लागली असून, बोलताना टाळू कितपत हलते हे दुर्बिणीने पाहून पुढच्या शस्त्रक्रियेचा निर्णय व्हायचा आहे. पंचविशीनंतर काही उपयोग नाही, हे तिला कोणीतरी ठामपणे सांगितले होते. ते खरे नाही. वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया तर वाढ पूर्ण झाल्यावरच करतात. 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांसाठी आहे. ज्यांची मुले अजून त्या वयात आहेत, त्यांनी शाळेत किंवा अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाकडे ओठाबरोबरच बोलण्याची आणि कानांची तपासणीही मागून घ्यावी, आणि त्या पथकाने मुलाला नाव विचारले, तर मुलालाच सांगू द्यावे.