नागपुरात राहून दूतावासातल्या लोकांसोबतच्या सांस्कृतिक गटात नाव द्यावं का?

तुम्ही विचारलंय की नागपुरात नोकरी सांभाळून परदेशी राजनैतिक अधिकारी आणि स्थानिक स्वयंसेवक यांच्या सांस्कृतिक गटात जावं का, तिथे नेमकं काय करावं लागतं आणि इंग्रजी जेमतेम असलं तर चालतं का. जरूर जा. मी बरीच वर्षं अशा एका गटात आहे, म्हणून आतून जे दिसतं ते सांगते.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. व्हिसा, परदेशात नोकरी, मुलाचा प्रवेश, यातलं काहीही या ओळखीतून मिळत नाही आणि मागूही नये. कुणी एकानं जरी पाहुण्याजवळ असा विषय काढला, तरी तो पाहुणा पुढच्या वेळी सगळ्या गटापासूनच जपून राहतो. आपलं गाव आणि आपली माणसं दाखवायची हौस असेल, तरच यात मन रमतं.

नागपुरात वकिलाती नाहीत. अधिकारी मुंबईच्या वाणिज्य दूतावासांतून नाहीतर दिल्लीहून येतात, एकदोन दिवसांसाठी, आणि त्यातला बराचसा वेळ बैठकांत जातो. आपल्या वाट्याला एखादी सकाळ किंवा संध्याकाळ येते. पण परदेशी पाहुणे म्हणजे फक्त तेच नाहीत. इथल्या प्रत्यक्ष कर अकादमीत भूतानचे अधिकारीही शिकायला असतात. मार्च 2023 मध्ये जी-20 च्या निमित्तानं सी-20 ची, म्हणजे त्या देशांतल्या नागरी संस्थांच्या गटाची, बैठक इथे झाली. आणि दीक्षाभूमीमुळे थायलंड, जपान, श्रीलंकेची माणसं वर्षभर येत असतात. त्यातही जपानशी नागपूरचं नातं वेगळंच आहे. जपानमध्ये जन्मलेले बौद्ध भिक्खू भदंत सुरई ससाई कित्येक दशकं इथेच राहिले, आणि जपानी मदतीतून उभं राहिलेलं कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धमंदिर 1999 पासून आहे.

स्वयंसेवकाचं काम मंचावरचं नसतं. पाहुण्याला वेळेवर हॉटेलातून घ्यायचं, उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत फिरणं आटोपायचं, जेवणाचं आधी विचारून ठेवायचं. थायलंड-श्रीलंकेकडचे थेरवादी पंथाचे बौद्ध भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. त्यांचं जेवण असेल तर अकराला पानं मांडलेली हवीत. साडेअकराला कुकर लावून चालत नाही. सावजी रस्सा पहिल्याच जेवणात वाढू नका. आधी सांबारवडी, वडाभात, कढी द्या. तिखटाची चौकशी पाहुणा स्वतःहूनच करतो, मग वाटीभर रस्सा बाजूला ठेवा.

सगळ्यात जास्त तयारी लागते ती मारबतीच्या दिवशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ही मिरवणूक नागपूरची खास, 1880 च्या दशकापासून चालत आलेली, त्यामुळे पाहुण्यांना ती बघायचीच असते. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले दोन मोठे पुतळे, एकमेकींना भेटतात, गर्दीतून ‘घेऊन जा गे मारबत’चा गजर होतो, आणि मागून बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, येतात. बडग्यांवर त्या वर्षीचा राग असतो: महागाई, भ्रष्टाचार, कधी एखादा नेता, कधी एखादा देश. एकदा आमच्याबरोबर युरोपातल्या एका देशाचे अधिकारी होते. एका पुढाऱ्याचा बडगा समोर आला तसे पोरांनी त्यांना हात धरून फोटोसाठी पुढे ओढलं. ते हसतच दोन पावलं मागे आले, मोबाईल खिशात ठेवला आणि आमच्यातल्या एका काकांना काळ्या मारबतीबद्दल विचारू लागले. काकांनी नागपूरच्या भोसले राजघराण्यातल्या बाकाबाईंची सांगितली जाणारी गोष्ट सुरू केली, आणि बडगा पुढे निघून गेला. पोरं नाराज झाली. त्यांना वाटलं, पाहुण्याला आपला सण आवडला नाही.

पण ते अधिकारी बरोबर वागले. राजनैतिक संबंधांवरचा 1961 चा व्हिएन्ना करार आहे. यजमान देशाशी सांस्कृतिक संबंध वाढवणं हे त्याच्या तिसऱ्या कलमात दूतावासाचं कामच म्हटलंय, आणि एकेचाळिसाव्या कलमात देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही हे बंधन आहे. तो फोटो दुसऱ्या दिवशी कुठेही फिरला असता आणि त्यातून भलताच अर्थ निघाला असता. तेव्हापासून मी नव्या मुलांना मिरवणुकीआधीच सांगते: पाहुण्याला निवडणूक, सीमा, धर्मांतर यावर मत विचारायचं नाही, आणि विचारल्याशिवाय फोटो टाकायचा नाही. आपण मात्र त्यांच्या प्रश्नांना मोकळेपणानं उत्तर द्यावं. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथे काय केलं आणि लाखो माणसं दसऱ्याला इथे का येतात, हे सांगताना जातीचा विषय टाळून पुढे जाणारे स्वयंसेवक मी पाहिलेत. तसं करू नका. पाहुणा बहुधा वाचूनच आलेला असतो, त्याला इथल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं असतं.

म्हणूनच इंग्रजीची काळजी सोडा. गटात एकदोघं फाडफाड बोलणारे असतातच. कमी पडतात ती गाव जाणणारी माणसं: इतवारीतली गल्ली, रामटेकच्या पायऱ्या, संत्र्याचे दोन हंगाम, आंबिया आणि मृग बहार, वेगळे कसे, हे सांगू शकणारी. एका जपानी बाईंनी आमच्या शेतकरी सदस्याबरोबर काटोलच्या बागेत दोन तास काढले. त्यांना इंग्रजी बेताचं, शेतकरीदादांना त्याहून कमी. तरी कलम कुठे बांधतात ते त्यांनी हातात घेऊन दाखवलं, आणि बाईंनी वहीत चित्र काढून घेतलं.

नियमांचं थोडक्यात. परदेशी माणूस तुमच्या घरी मुक्कामाला राहणार असेल, तर 24 तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते (पूर्वी या अर्जाला ‘फॉर्म सी’ म्हणत), हा नियम फक्त हॉटेलांनाच नाही. संस्थेला परदेशातून पैसे घ्यायचे तर 2010 च्या परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. त्यामुळे गट निधी कुठून आणतो हे पहिल्याच बैठकीत विचारा; नीट चाललेल्या गटाला त्याचा राग येत नाही. तुम्ही सरकारी नोकरीत असाल तर कार्यालयाला लेखी कळवून ठेवा, आणि परदेशवारीचं आमंत्रण आलंच तर आधी परवानगी घ्या.

हजारो रुपये घेऊन ‘सदिच्छा राजदूत’ असं ओळखपत्र, गाडीवर लावायची पाटी किंवा मानद पदवी देणाऱ्यांपासून दूर राहा. खऱ्या गटाची वर्गणी चहा-फराळ आणि गाडीभाड्यापुरती असते, आणि त्या ओळखपत्रानं टोल नाक्यावरही काही सवलत मिळत नाही.

गट निवडण्याआधी त्यांच्या एखाद्या कार्यक्रमाला नुसते जाऊन बसा. कोण बोलतंय त्यापेक्षा पाहुणे कुणाशी बोलतायत ते बघा. सगळा वेळ हारतुरे आणि पदाधिकाऱ्यांच्या भाषणांत जात असेल तर दुसरा गट शोधा. पाहुणे स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून काही विचारत असतील, कुणी शाळकरी मुलगी त्यांना तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल दाखवत असेल, तर तिथेच नाव द्या. आणि सुरुवातीला जेवणाची जबाबदारी मागून घ्या. त्या कामात पाहुण्यांशी सगळ्यात जास्त बोलणं होतं.