माशी, खाच, शिस्त: रायफलीच्या साईटला मराठीत काय म्हणावं?

गोव्यातल्या फोंड्याच्या एका नेमबाजाचा प्रश्न आहे. सिंगल शॉट .२२ रायफलीची जुनी साईट, म्हणजे नेम धरायचा भाग, काढून नवी कशी बसवायची आणि वर स्कोप, म्हणजे दुर्बीण, कशी चढवायची, याची माहिती ते नव्या मुलांसाठी मराठीत लिहीत आहेत. फ्रंट साईटला ‘अग्रदृष्टी’, रिअर साईटला ‘पश्चदृष्टी’, दुर्बीण धरणाऱ्या माउंटला ‘आरोहक’ आणि सिंगल शॉटला ‘एकनळी’ लिहिलं तर चालेल का, असं ते विचारतात.

यातला एकही शब्द घेऊ नये असं माझं मत आहे. नळीच्या टोकाशी जो बारीक उंचवटा असतो त्याला मराठीत माशी म्हणतात. बारा बोअरच्या बंदुकीवर तो पितळी मण्याच्या रूपात असतो आणि दिसतोही नळीवर येऊन बसलेल्या माशीसारखा. हिंदीतही मक्खीच म्हणतात. सत्तरी-सांग्याकडे रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत. ‘माशी हलतेय’ म्हटलं तर त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. ‘अग्रदृष्टी शिथिल झाली’ हे मात्र पुन्हा मराठीत सांगावं लागेल. स्पर्धेच्या रायफलीत पुढे मण्याऐवजी नळकांडं असतं आणि त्यात बदलता येणाऱ्या गोल कड्या घालतात. तिथेही माशी हाच शब्द ठेवावा, ‘माशीची कडी’ म्हणावं. आता तो शब्द आकाराचा राहिलेला नाही, जागेचा झाला आहे.

मागच्या साईटला, ती उघडी असेल तर खाच आणि डोळा लावून बघायची असेल तर छिद्र, एवढं साधं पुरे. आणि शिस्त? डोळा, खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणणं म्हणजे शिस्त धरणं. हा शब्द फारसीतून आला. आज शिस्त म्हटलं की शाळेची रांग आठवते, पण नेम हा त्याचा अर्थ जुन्या मराठीत रुळलेला होता, आणि पोलीस-लष्कराच्या कवायतीच्या हिंदीत ‘शिस्त लेना’ अजून रोज ऐकू येतं. म्हणून झिरो करण्याला, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी साईट जुळवण्याला, ‘शिस्त जुळवणं’ म्हणावं. सुट्या भागाला मात्र शिस्त म्हणू नये, नाहीतर ‘शिस्त उजवीकडे सरकवा’ म्हणजे नेमकं काय सरकवायचं ते कळणार नाही.

आणि ते कळणं फार गरजेचं आहे. मागची खाच उजवीकडे नेली की गोळी उजवीकडे जाते. माशी उजवीकडे नेली की गोळी डावीकडे जाते. गोळ्या डावीकडे पडताहेत म्हणून कुणी खाचेऐवजी माशी उजवीकडे ठोकली तर त्या आणखी डावीकडे जातील. एवढा फरक ज्या दोन भागांत आहे त्यांची नावं एकमेकांपासून लांबची हवीत. अग्रदृष्टी आणि पश्चदृष्टी घाईत वाचल्या तर सारख्याच वाटतात, माशी आणि खाच वाटत नाहीत.

‘एकनळी’ तर चुकीचंच आहे. तो शब्द दुनळीच्या जोडीचा, नळ्या मोजणारा. एकावेळी अनेक काडतुसं भरायच्या मॅगझीनच्या रायफलीलाही नळी एकच असते. इथे मोजायचा आहे बार, म्हणून ‘एकबारी रायफल’ म्हणावं: एक काडतूस घाला, एक बार काढा, पुन्हा भरा. (काडतूस हा पोर्तुगीज ‘कार्तुशु’वरून आलेला शब्द, आणि तो गोव्याबाहेरच्या मराठीतही घट्ट रुजला.)

आरोहक म्हणजे चढणारा. इथे चढते ती दुर्बीण; तिला धरणारा भाग चढत नाही. खाली पट्टी, वर दोन कड्या, इतकं म्हटलं की काम होतं. डव्हटेल आणि पिकॅटिनी हे शब्द मात्र तसेच ठेवा, कारण ती पट्टीच्या ठरावीक घडणींची नावं आहेत आणि दुकानात तीच सांगावी लागतात. .२२वर बहुधा ११ मिलिमीटरचं डव्हटेल असतं, पिकॅटिनी पट्टी सुमारे २१ मिलिमीटर रुंद असते. एकीच्या कड्या दुसरीवर बसत नाहीत. दुर्बिणीची नळी २५.४ की ३० मिलिमीटर, हेही कड्या घेण्याआधी बघायला सांगा.

एक शब्द तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या मजकुरात येणारच: घोडा. बातम्यांत घोडा कधी ट्रिगरसाठी वापरतात, कधी हॅमरसाठी. तुम्ही ट्रिगरला चाप आणि हॅमरला घोडा असंच शेवटपर्यंत लिहा. मधून मोडून भरायच्या एकबारी रायफलीला बहुधा घोडा बाहेर असतो. दुर्बीण चढवली की ती नेमकी त्याच्यावर येते आणि अंगठ्याला जागा उरत नाही, म्हणून घोड्याला बाजूला एक छोटा जोड लावतात. तो जोड चापाचा आहे असा समज झाला तर घोटाळा होईल.

क्रियापदंही सांभाळा: माशी बसवतात, दुर्बीण चढवतात, स्क्रू आवळतात. तुमचा पहिला परिच्छेद मी असा लिहीन: ‘रायफल रिकामी आहे ना, ते आधी उघडून पाहा. मग खाचेचे स्क्रू सैल करून खाच काढा. पट्टी बसवा, कड्यांचे खालचे अर्धे भाग लावा, त्यांवर दुर्बीण ठेवा, आतली उभी रेघ सरळ आहे का ते बघा आणि मगच वरचे अर्धे भाग लावून स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. शिस्त जुळवायची ती रेंजवर.’