पोरांच्या टोळ्यांमधल्या मारामाऱ्या पोलिसांखेरीज कुणाला थांबवता येतात का?

तुम्ही विचारलंय की गल्लीतली सोळा-सतरा वर्षांची पोरं एखाद्या 'भाई'च्या नादी लागून कोयते काढायला लागली, तर पोलीस सोडून दुसरं कोण काय करू शकतं. करता येतं, फक्त वेळ गाठावी लागते. ती वेळ म्हणजे पहिला मार बसल्यानंतरचे दोन-चार दिवस.

मी सांगलीत एका दवाखान्यात, अपघात विभागात ड्रेसर आहे. डोकं फुटलेलं पोरगं येतं. आत टाके पडत असतात, एमएलसीचे, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचे, कागद होत असतात आणि बाहेर पार्किंगमध्ये त्याची पोरं जमत असतात. कुणीतरी रक्ताळलेल्या शर्टाचा फोटो स्टेटसला टाकतं, खाली 'हिशोब होणार'. भांडणाचं मूळ बहुतेकदा फालतू असतं. गाडीला कट मारला, रीलवर कमेंट केली, बघून हसला. पण एकदा रक्त निघालं की मूळ बाजूलाच राहतं, उरते ती खुन्नस.

अशा वेळी मी एका तालमीच्या वस्तादांना बघितलंय. आईला उलट बोलणारं पोरगं त्यांच्यापुढं मान वर करेना. त्यांनी आधी पार्किंगमधल्या पोरांना एकेकटं बाजूला घेतलं, स्टेटस काढायला लावलं. मग जखमी पोराला काही दिवस तासगावकडं मामाच्या द्राक्षबागेत धाडायचं ठरवलं. पोलिसांत जबाब मात्र द्यायला लावला, हे मला फार पटलं. समजूत घालणं म्हणजे केस दाबणं नव्हे.

चाकूबाजीसाठी बदनाम असलेल्या स्कॉटलंडच्या ग्लासगोत पोलिसांनीच २००५ मध्ये हिंसा कमी करायला वेगळं पथक काढलं आणि हिंसेकडं साथीच्या रोगासारखं बघायला सुरुवात केली. पुढं तिथल्या दवाखान्यांत जखमी पोरांशी बोलायला खास माणसं नेमली. शिकागोत तर कधीकाळी टोळीतच असलेली माणसं मध्यस्थी करतात, कारण पोरं त्यांचं ऐकतात. आपल्याकडं वस्ताद आहेत, मंडळांचे जुने कार्यकर्ते आहेत, मामा-काका आहेत. त्यांना रात्री अकरा वाजता फोन करणारं कुणी नसतं. दवाखान्यांनी हे काम कुणावर तरी सोपवायलाच हवं.

आणि पोरांच्या घरच्यांना कायदा सांगा. 'तू अठराच्या आतला, तुला काही होत नाही' असं सांगून भाई पोरांना पुढं घालतो. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात, बाल न्याय मंडळाच्या तपासणीनंतर, प्रौढासारखा खटला चालू शकतो. भाईसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ आहे : अल्पवयीनाला गुन्ह्यासाठी वापरलं तर किमान तीन आणि जास्तीत जास्त दहा वर्षं कैद. शिवाय गुन्हा घडलाच, तर तो स्वतः केल्यासारखी शिक्षा. तक्रार देताना भाईचं नाव त्यात आलंच पाहिजे, एवढा आग्रह धरा.